पहिल्या बाळंतपणात कळा सुरू होऊन 20 तास उलटले तरी सुटका नाही, म्हणजे काही बिघडलंय का?

नाही, पहिलटकरणीला 20 तास लागले एवढ्यावरून काही बिघडलं असं म्हणता येत नाही. घड्याळ कुठून लावायचं, यातच सगळा घोळ असतो. गर्भाशयाचं तोंड 5 सेंटीमीटर उघडेपर्यंतच्या कळांना ठरावीक मुदत नाही; तिथून पूर्ण उघडायला पहिल्या खेपेला सहसा 12 तासांपेक्षा जास्त लागत नाहीत आणि पुढे बाळ बाहेर यायला 3 तासांपर्यंत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशी सांगतात. तासाला 1 सेंटीमीटर ही जुनी मोजपट्टी सगळ्यांना लागू पडत नाही, हेही त्यात आहे. माझ्या वेळी रात्रभर कळा सोसून सकाळी तपासलं तर जेमतेम 3! रडूच फुटलं, कॉटची दांडी धरून धरून तळहातावर वळ उठले होते. (‘अजून नाही?’ विचारणारे फोन सरळ बंद ठेवा.) मात्र हे सगळं आई आणि बाळ दोघांची तब्येत ठीक असेल तरच. रक्त जास्त जाणं, पाणी हिरवट दिसणं, ताप, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं एकही असेल तर तास मोजत बसू नका, त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा.