जुन्या महामार्गाला कुंपण घातलं की एक्स्प्रेसवे होत नाही

प्रश्न असा आहे: गावाजवळून चौपदरी राष्ट्रीय महामार्ग गेलेलाच आहे, तर तोच सहापदरी करून दोन्हीकडे कुंपण का घालत नाहीत? शेतातून नवा द्रुतगती मार्ग कशाला?

पदर मोजू नका, प्रवेश मोजा. द्रुतगती मार्गावर चढ-उतार फक्त इंटरचेंजवरून, म्हणजे त्यासाठीच बांधलेल्या ठरावीक जोडजागांवरून. जुन्या महामार्गावर प्रत्येक धाबा, पंप, शेताची वाट आणि रातोरात फोडलेला दुभाजक हा एकेक प्रवेशच. ते बंद करायचे तर दोन्ही बाजूंना सलग सेवा रस्ता लागतो, आणि गावालगतची बांधकामं पाडून तो काढणं शेतजमीन घेण्यापेक्षा महागात जातं. शिवाय दुचाकी-ट्रॅक्टरने जायचं कुठून? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी घालता आली, कारण जुना रस्ता शाबूत होता.

दुसरी अडचण वळणांची. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; ताशी ८० चे १२० केले की किमान सव्वादोन पट. जुना रस्ता गावं आणि ओढे बघत वळलेला. तो सरळ करायला गेलात तर जागोजाग नवी जमीन घ्यावी लागतेच. समृद्धीचे ७०१ किमी नव्या आखणीवर गेले ते म्हणूनच; सपाट भागात रुंदीही १२० मीटर घेतली. दिल्ली-मुंबई मार्गावर तर मधला दुभाजकच २१ मीटर ठेवलाय. पुढे आठाचे बारा पदर आतल्या बाजूला वाढतील, कुंपण हलवायला नको.

आता तुमच्या कामाचं. मुख्य रस्ता भरावावरून जातो, गावची वाहतूक खालून. भूसंपादनाआधी जागेवर होणाऱ्या संयुक्त मोजणीला नकाशावर आपल्या वाटेचा भुयारी मार्ग कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. हलक्या वाहनांच्या मार्गाला मोकळी उंची साधारण ४ मीटर मिळते, त्यातून उसाने शिगोशीग भरलेला ट्रक जात नाही. त्याला साडेपाच मीटरचा हवा. तशी मागणी तेव्हाच लेखी द्या; पाया पडल्यावर कोणी ऐकत नाही, सरपंच कितीही ओळखीचे असोत. दुसरं, भराव वाचवायला भुयारी मार्गाचा तळ आजूबाजूच्या जमिनीखाली खणला असेल तर पहिल्याच पावसात तिथे तळं होतं. अशा वेळी पाणी काढणारी गटार कोणत्या ओढ्याला मिळते आणि तिथलं गटाराचं तोंड खरोखर भुयारी मार्गाच्या तळापेक्षा खाली आहे का, ते उतारासकट नकाशावर दाखवायला लावा.