निहाली नोंदवायला निघताना
निहाली भाषा नोंदवायला बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदकडे निघालात, फार बरं वाटलं. निहालीचं नातं जगातल्या कुठल्याच भाषेशी सिद्ध झालेलं नाही आणि बोलणारे जेमतेम २,००० ते २,५००, त्यामुळे काम तातडीचं आहे. तरी आधी परवानगी घ्या, तीही त्यांच्याच आवाजात नोंदवून. शब्दांच्या याद्या नंतर. दोन आज्यांना आपसात बोलू द्या, खरी भाषा तिथे मिळते. शेजारच्या कोरकू भाषेतले शब्द निहालीत खूप मिसळलेत, म्हणून प्रत्येक शब्दाचा कोरकू प्रतिशब्दही विचाराच. रेकॉर्डिंग वेव्ह (WAV) या फाइल प्रकारात करा, एमपीथ्रीत बारकावे जातात. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर. सुरुवातीला गाव, तारीख बोलून ठेवा. झोपण्याआधी दुसऱ्या हार्ड डिस्कवर प्रत काढा. गावाला रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर द्या, मोबाइलमध्ये लगेच ऐकता येतं.