एक्स५ घ्यायचीय, पण डिझेलचं काय?

प्रश्न: दादा, सेकंडहँड बीएमडब्ल्यू एक्स५ डिझेल बघतोय, ऑफिस ८ किमीवर, विकणारा म्हणतो १२ चं मायलेज देते, खरंय का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर: हायवेला देईलही हो, पण दोन टनांवरचं धूड अन् ३ लिटरचं इंजिन, कर्वे रोडच्या सिग्नलला ८ च धरा. जाऊन-येऊन महिन्याला ४०० किमी म्हणजे ५० लिटर, ९० च्या भावाने साडेचार हजार, एवढंच! खरी गोम वेगळीच, ८ किमीत इंजिन धड तापत नाही मग डीपीएफमधली (म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी) काजळी जळत नाही, साठत जाते आणि एक दिवस डॅशवर दिवा लागतो. दर रविवारी एक्स्प्रेसवेवर अर्धा तास पळवणार असाल तर घ्या, नाहीतर पेट्रोल बघा. आणि टायर रन-फ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) असतील तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हातच लावत नाही.