इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं पडतं का?

प्रश्न: नमस्कार सर, माझी मुलगी छोटं विमान चालवायला शिकतेय, चार सीटचं, एका इंजिनाचं. परवा तिच्या इन्स्ट्रक्टरनी वर गेल्यावर मुद्दाम पॉवर काढून घेतली आणि म्हणाले, आता उतरव. ऐकूनच पोटात गोळा आला. एकच इंजिन, तेच गेलं तर? आणि उडाल्या उडाल्या गेलं तर मागे वळून रनवेवर यायला काय हरकत आहे?

उत्तर: ताई, गोळा येणारच, पण त्या इन्स्ट्रक्टरनी अगदी योग्य केलं. विमानाला वर धरतात ते पंख, इंजिन नाही. सेसना १७२, म्हणजे असंच चार सीटचं छोटं विमान, त्याचं इंजिन बंद असलं तरी १ फूट खाली येताना ते साधारण ९ फूट पुढे जातं, म्हणजे ५००० फुटांवरून वारा नसेल तर १३-१४ किलोमीटर. अट एकच, नाक खाली करून स्पीड धरायचा, १७२ एस या मॉडेलला पूर्ण वजनात ६८ नॉट, म्हणजे ताशी साधारण १२६ किलोमीटर. घाबरलेला माणूस नेमकं उलटं करतो, जमीन जवळ दिसली की कंट्रोल मागे ओढतो, स्पीड जातो आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंख त्याला वर धरू शकत नाहीत आणि ते कोसळतं. माणसं दगावतात ती बहुतेक वेळा इथे.

मागे वळायचं म्हणाल तर नुसतं १८० अंशात भागत नाही, रनवेच्या रेषेवर यायला त्याहून जास्त वळावं लागतं, वारा पाठीमागून येतो, आणि ४५ अंश कलून वळलं की स्टॉलचा स्पीडच जवळजवळ १९ टक्क्यांनी वाढतो. उंची कमी, सावरायला जागा नाही. म्हणून समोर, थोडं डावं-उजवं, जे मोकळं दिसेल तिथे उतरायचं. विमान मोडलं तरी चालेल हो, आतली माणसं चालत बाहेर आली पाहिजेत.

मला मात्र जास्त काळजी वाटते ती अर्धवट पॉवर जाण्याची. इंजिन पूर्ण बंद पडलं की निर्णय सोपा असतो, पण ते कुरकुरत चालू राहिलं की पायलट आशेवर पुढे जात राहतो. याचं एक कारण बर्फ. कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) असलेल्या इंजिनात हवा दमट असेल तर बाहेर २० अंश असतानाही आत बर्फ धरतो, आधी आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे, हळूच उतरतो. तेव्हा कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडायचा कंट्रोल, पूर्ण ओढायची. ओढल्यावर बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं, इंजिन आणखी खडखडतं, आणि नवखा पायलट घाबरून हीट परत बंद करतो, तिथेच चूक होते. खडखडू दे, थोडा वेळ तशीच ठेवायची.

बाकी टाकीतलं पेट्रोल संपणं, चुकीची टाकी लावणं, पेट्रोलमध्ये पाणी येणं, हे सगळं जमिनीवरच बघून टाळता येतं.

मुलगी घरी आली की एवढंच विचारा, टेकऑफच्या आधी "आत्ता इंजिन गेलं तर मी कुठे उतरणार" हे मोठ्याने बोलतेस का? बोलत नसेल तर उद्यापासून बोलायला सांगा.