त्या ट्यूबचं झाकण लावून ठेवा

या वेळच्या पत्रांत आजार वेगवेगळे आहेत, पण बहुतेक पत्रांत एक ट्यूब आहे. मैत्रिणीने सुचवलेली, मागच्या वेळची उरलेली, नाहीतर ‘खाजेवरचं काहीतरी द्या’ म्हणून आणलेली. त्वचेचा आजार डोळ्यांना दिसतो, म्हणून तो ओळखायला सोपा असेल असं आपण धरून चालतो. पण लाल चट्टा आणि खाज ही जोडी कितीतरी आजारांत सापडते, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चांगलंच महागात पडतं.

प्रश्न : मांडीच्या आतल्या बाजूला गोल चट्टा उठला होता. मलम लावलं की दोन दिवसांत खाज जाते, थांबवलं की परत येते. असं आठ महिने चाललंय. आता पोटावरही चट्टे आलेत. याहून जोरदार मलम आणू का?

उत्तर : नका आणू. आहे तेच मलम तुमचा आजार पोसतंय. वर्णनावरून हे गजकर्ण वाटतं, म्हणजे बुरशीचा संसर्ग. कुणी त्याला नायटा म्हणतं, कुणी दाद. ट्यूबवरची घटकांची यादी भिंगाखाली धरून वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. बाजारातल्या कितीतरी मिश्र मलमांत बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड असं तिन्ही एकत्र घातलेलं असतं.

चट्ट्याची लाली आणि खाज म्हणजे बुरशीशी शरीराने मांडलेला झगडा. स्टिरॉइड तो झगडाच थांबवतं. तुम्हाला बरं वाटतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. आम्हाला ओळखायलाही मग अवघड जातं. एरवी गजकर्णाची कड उंचावलेली, बारीक खवल्यांची असते आणि मधला भाग निवळलेला. महिनोन्‌महिने स्टिरॉइड लावलेल्या चट्ट्याची ही कडच पुसट होते, किंवा एका वर्तुळात दुसरं वर्तुळ उमटतं. जांघेतली कातडी मुळात पातळ, तिथे जांभळट पट्टे पडतात. गर्भारपणात पोटावर पडतात तसेच हे व्रण. पुढे ते फिके होतात, पण जात नाहीत. विशी-बाविशीच्या मुलामुलींच्या जांघेत हे व्रण पाहिले की मला फार वाईट वाटतं, कारण ते सहज टाळता आले असते.

मलम बंद केल्यावर काही दिवस खाज उसळेल. घाबरून परत तीच ट्यूब हातात घेऊ नका. डॉक्टरांना खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा, थोड्या वेळात निकाल कळतो. पसरलेल्या गजकर्णाला नुसतं मलम पुरत नाही. टर्बिनाफिन किंवा इट्राकोनॅझोलसारख्या गोळ्या कित्येक आठवडे घ्याव्या लागतात, आणि तुमची इतर औषधं, यकृताचा त्रास, गरोदरपण हे सगळं विचारूनच त्या दिल्या जातात. बुरशीचं साधं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर साधारण २ सेंटिमीटरपर्यंत लावा आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवा. लोक नेमके इथेच थांबतात.

टॉवेल स्वतःचा वेगळा ठेवा, आतले कपडे रोज बदला, गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. आंघोळीनंतर जांघ टिपून कोरडी झाल्यावरच कपडे घाला. घरात आणखी कुणाला चट्टा असेल तर त्याचाही उपचार सोबतच व्हायला हवा, नाहीतर तुम्ही बरे व्हाल आणि पुन्हा त्याच्याकडून घ्याल.

प्रश्न : घरात पाचही जणांना खाज आहे, रात्री तर झोपू देत नाही. खरजेचं औषध दोनदा लावलं, तरी जात नाही. औषध नकली असेल का?

उत्तर : तशी शक्यता कमी. बहुधा लावण्यात चूक होते आहे. खरजेचा किडा नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्या आणि मनगटं उजेडात नीट बघा, काही मिलिमीटर लांबीची वेडीवाकडी, करड्या रंगाची रेघ दिसेल. तेच तिचं बीळ.

पहिल्यांदा लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणून ज्याला अजून काहीच होत नाही त्यानेही औषध लावायचं, आणि सगळ्यांनी एकाच रात्री. ‘मला कुठे खाजतंय’ म्हणणाऱ्या एकामुळे सगळं घर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, हे मी अनेकदा पाहिलंय.

५ टक्के परमेथ्रिनचं मलम मानेपासून तळपायापर्यंत लावा. खाजतं तिथेच लावून उपयोग नाही. बेंबी, काखा, जांघ, नितंबांमधली घळ, नखांखाली, सगळीकडे. मधे हात धुतलेत तर हातांना पुन्हा लावा. आठ ते बारा तासांनी आंघोळ करा. आठवड्याने हेच सगळं परत. तान्ह्या बाळांना आणि खूप वयस्कर माणसांना डोक्यालाही लावावं लागतं, ते मात्र डॉक्टरांना विचारून. मागच्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला ठेवा. माणसाच्या अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा तगत नाही.

किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, कारण त्यांचे अवशेष कातडीत असतात. तेव्हा पुन्हापुन्हा औषध फासू नका, त्याने कातडी आणखी चिडते. नवे फोड किंवा नवी बिळं दिसली तर मात्र परत दाखवा.

प्रश्न : माझ्या तीन वर्षांच्या मुलाला कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत इसब आहे. डॉक्टरांनी स्टिरॉइडचं मलम दिलं, पण ते घातक असतं असं वाचलं, म्हणून फक्त मॉइश्चरायझर लावते. तो रात्रभर ओरबाडतो.

उत्तर : ताई, वर स्टिरॉइडबद्दल एवढं कडक लिहून इथे मी तुम्हाला ते लावा म्हणणार आहे. गजकर्णाला जे अपाय करतं तेच इसबाला उपयोगी पडतं, कारण इसबात बाहेरचा शत्रू नाही, त्वचेची स्वतःचीच दाहक प्रतिक्रिया आहे. ती आटोक्यात आणली नाही तर मूल झोपत नाही, ओरबाडून जखमा होतात, त्यांत जंतू शिरतात.

तुमच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत, ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढा. हे साधारण अर्धा ग्रॅम होतं आणि मोठ्या माणसाच्या हाताच्या, बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. सांगितलेल्या ताकदीचं, सांगितलेले दिवस, चट्टा सपाट होऊन खाज थांबेपर्यंत लावा. भीतभीत अगदी थोडं लावलं की आजार रेंगाळतो आणि शेवटी जास्तच औषध लागतं. चेहऱ्याला हे मलम आपल्या मनाने लावू नका, तिथे सौम्य किंवा स्टिरॉइड नसलेलं औषध वेगळं देतात.

मॉइश्चरायझर मात्र सोडू नका. कोमट पाण्याची थोडक्यात आंघोळ, अंग नुसतं टिपायचं, आणि दोन-तीन मिनिटांत, कातडी ओलसर असतानाच लावायचं. हात आखडता घेऊ नका, सगळ्या अंगाला लावायचं तर लहान मुलालाही आठवड्याला पाव किलोच्या आसपास लागतं. चट्ट्यांवर मधाच्या रंगाची खपली धरली किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : मुरमांवर रात्री टूथपेस्ट लावली तर बसतात का?

उत्तर : नाही, कातडी भाजते आणि डाग उरतो. बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के किंवा अडापलीन ०.१ टक्का, वाटाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला. गरोदर असाल तर अडापलीन नको. सुरुवातीला एक दिवसाआड लावा. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. बेंझॉइल पेरॉक्साइडने रंगीत टॉवेल आणि उशीचे अभ्रे विटतात, पांढरे वापरा.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीच्या गालांवर फिकट डाग आलेत. कोड असेल का? सगळे म्हणतात कॅल्शियम कमी आहे, जंताचं औषध द्या.

उत्तर : कॅल्शियमचा आणि जंतांचा या डागांशी संबंध नाही. कडा धूसर, वर किंचित कोंड्यासारखं, रंग पूर्ण गेलेला नाही, असे डाग या वयात बहुधा पिटिरियासिस अल्बा या साध्या, निरुपद्रवी त्वचाविकाराचे असतात. मॉइश्चरायझर आणि उन्हापासून बचाव, मग काही महिन्यांत रंग भरून येतो. कोडाचा डाग खडूसारखा पांढरा आणि कडेला रेखीव असतो. आणि समजा कोड निघालंच, तरी ते स्पर्शाने पसरत नाही, तो कुष्ठरोगही नाही. लवकर सुरू केलेल्या मलमांना आणि अतिनील किरणांच्या उपचारांना अनेकांचं कोड चांगली साथ देतं. डागावर स्पर्श कळत नसेल, बधिरपणा असेल, तर मात्र कुष्ठरोगाची तपासणी करायला हवी. त्यावरही पूर्ण बरं करणारे उपचार आहेत.

प्रश्न : वडिलांना छातीच्या एका बाजूला नागीण झाली आहे. ती पाठीकडून फिरून तोंडाला शेपूट मिळाली की माणूस जगत नाही म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : तुम्हाला मी पत्र मिळताच वेगळं उत्तर पाठवलं आहे, हे इतरांसाठी. ते खरं नाही. कांजिण्यांचा विषाणू एका मज्जातंतूत वर्षानुवर्षं निपचित पडून असतो आणि तोच पुन्हा जागा होतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून फोड सहसा मध्यरेषेपाशी थांबतात. खरी घाई वेगळी आहे. विषाणूरोधक गोळ्या फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर उत्तम. तोपर्यंत फोडांवर कुठलाही लेप नको. फोड झाकून ठेवा, आणि खपली धरेपर्यंत कांजिण्या न झालेल्या गरोदर बाईला व तान्ह्या बाळाला जवळ येऊ देऊ नका. पन्नाशीनंतर लस घेता येते, एकदा नागीण होऊन गेलेल्यांनाही. कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. रात्र झाली असली तरी सकाळची वाट बघू नका.