शंटिंगचा मार्ग बांधणारी मुलगी आणि पुढचं शिक्षण

नमस्कार ताई,

तुमची मुलगी सतरा वर्षांची आहे, गणितात चांगली आहे, पण संध्याकाळ झाली की ट्रेन सिम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरचा रेल्वे चालवण्याचा खेळ) मालगाडीच्या शंटिंगचा, म्हणजे डबे हलवून जुळवण्याचा, मार्ग बांधत बसते. परवा तर एकच सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवणारा जोड, इकडून तिकडे हलवण्यात तिने तास घालवला. हा वेळ वाया जातोय का, यातून पुढे काही होईल का आणि परीक्षेपर्यंत हे बंद करावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

आधी त्या सांध्याबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे. साइडिंगचे, म्हणजे मुख्य मार्गाबाजूच्या रुळांचे, सगळे फाटे एकाच दिशेला फुटत असतील तर काम सोपं असतं. इंजिन वाघिणी (मालगाडीचे डबे) मागे ढकलत आत नेतं, सोडतं आणि बाहेर येतं. एखादा फाटा उलट दिशेला फुटला की इंजिन पुढे आणि वाघिणी मागे अशी गाडी आत शिरते आणि इंजिनच टोकाला कोंडलं जातं. म्हणून आत जाण्याआधीच इंजिनाला वळसा घालून वाघिणींच्या दुसऱ्या बाजूला आणावं लागतं आणि त्यासाठी लूप, म्हणजे दोन्ही टोकांना मुख्य रुळाला जोडलेला बाजूचा रूळ, लागते. त्या लूपमध्ये चार वाघिणी मावतात की पाच, यावर पुढचं सगळं ठरतं. लूप फार लांब केली तर चालवणाऱ्याला विचार करण्यासारखं काही उरत नाही. आखूड केली तर गाडी तोडून दोन खेपा कराव्या लागतात. लूपच्या पलीकडे इंजिन उभं राहील एवढा रूळही हवा, नाहीतर सांधा इंजिनाखालीच राहतो आणि बदलता येत नाही. एक सांधा सरकवला की हा सगळा हिशोब नव्याने मांडावा लागतो. तुमची मुलगी तासभर हेच करत होती. याला मी वेळ घालवणं म्हणणार नाही.

या कोड्यात गणित किती आहे पाहा. ‘इंगलनुक’ नावाची एक प्रसिद्ध मांडणी आहे, ॲलन राइट या रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या ब्रिटिश माणसाची. तीन फाटे, त्यांत अनुक्रमे ५, ३ आणि ३ वाघिणी मावतात. एकूण ८ वाघिणींतून ५ ठरलेल्या क्रमाने जोडायच्या. एवढ्याशा जागेत ६,७२० वेगवेगळ्या गाड्या जुळवता येतात. कमीत कमी हालचालींत गाडी कशी जुळवायची, हा संगणकशास्त्रातला आणि ऑपरेशन्स रिसर्चमधला (कामाचं नियोजन गणिताने करणारं शास्त्र) अस्सल प्रश्न आहे.

तेव्हा शाखा निवडण्याआधी तिला या कामातलं नेमकं काय धरून ठेवतं, ते पाहा. वळणं, चढ, रुळांची आखणी यांत ती रमत असेल तर स्थापत्य अभियांत्रिकी आणि पुढे रेल्वेमार्गाची आखणी. कोणती वाघीण कुठे, कधी, कोणत्या क्रमाने, यात रमत असेल तर गणित किंवा संगणकशास्त्र आणि त्यानंतर वाहतूक नियोजन. मला तुमच्या पत्रावरून दुसरी शक्यता जास्त वाटते. देखावे, इमारती, प्रकाश यांचं वेड असेल तर मात्र डिझाइनचा विचार करा. चालकांना शिकवण्यासाठी लागणारे सिम्युलेटर बनवणं हेही एक वेगळं क्षेत्र आहे. फक्त गेम बनवण्याची पदवी आत्ताच घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या धंद्यात नोकऱ्या अस्थिर असतात. गणिताचा पाया पक्का असेल तर तिकडे नंतरही जाता येतं.

बंद करायला सांगू नका, वेळ ठरवून द्या. आणि एक अट घाला: मोठा मार्ग अर्धवट ठेवण्यापेक्षा एक छोटं यार्ड (डबे जुळवण्याची रुळांची जागा) पूर्ण कर. मग ते कधीही न पाहिलेल्या माणसाला चालवायला दे, शेजारी गप्प बस आणि तो कुठे अडकतो ते लिहून काढ. गप्प बसणं तिला जड जाईल, पण डिझाइन तिथेच शिकता येतं. मूळ आराखडा, झालेले बदल आणि त्यामागची कारणं एका वहीत राहू देत. प्रवेशाच्या मुलाखतीत तयार मार्गापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडेल.

नव्या कॉम्प्युटरबद्दलही तुम्ही विचारलंय. आत्ता नको. एवढ्या यार्डासाठी आहे तो पुरेल.