जग मुळात सलग आहे की तुकड्यांचं? पुंजयामिकीने (क्वांटम मेकॅनिक्सने) हा वाद मिटवला का?

नाही, मिटवलेला नाही. ‘ऊर्जा पुंजांत असते हे भौतिकशास्त्रज्ञ प्लांकने १९०० सालीच सांगितलं, म्हणजे सगळंच तुकड्यांत आहे, मग गणितात सलग संख्यारेषा कशाला?’ असं तुम्ही विचारलंय. यातला ‘सगळंच’ हा शब्द चुकीचा आहे.

हायड्रोजनचा अणू घ्या. त्यातल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा −१३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (हे ऊर्जेचं एक एकक) असेल, नाहीतर −३.४, नाहीतर −१.५१, अशा पायऱ्यापायऱ्यांनी. अधलीमधली पातळी नाहीच. पण तळाच्या पायरीवरच्या इलेक्ट्रॉनला १३.६ हून जास्त ऊर्जा मिळाली की तो अणूतून सुटतो, आणि सुटल्यावर त्याची ऊर्जा कितीही असू शकते. पायऱ्या होत्या त्या तो बांधलेला होता म्हणून! दोन्ही टोकांना ताणून बांधलेल्या तारेचंही असंच. तार सलग धरली तरी तिच्यावर अर्धलहरी एक, दोन, तीन अशा पूर्ण संख्येनेच मावतात. अडीच बसवायला गेलात तर टोक हलावं लागेल, आणि ते तर बांधलेलं. पुंजयामिकीचा पाया असलेलं श्रोडिंगरचं १९२६ चं समीकरणही अवकाश आणि काळ सलग धरूनच लिहिलेलं आहे.

प्लांक लांबी (सुमारे १.६ × १०⁻³⁵ मीटर) हा अवकाशाचा सर्वांत लहान तुकडा आहे असं सर्रास लिहिलं जातं. तसं कोणत्याही प्रयोगात दिसलेलं नाही.

जग तुकड्यांचं आहे या बाजूने मला स्वतःला न्याय-वैशेषिकांचा (प्राचीन भारतीय दर्शनांतल्या परमाणुवाद्यांचा) युक्तिवाद फार आवडतो. पदार्थ अनंत वेळा तोडता आला, तर मेरू पर्वताचे अवयवही अनंत आणि मोहरीचेही अनंत. मग दोन्ही सारखेच मोठे ठरतील. म्हणून तोडणं कुठेतरी थांबलंच पाहिजे, आणि थांबतं तिथे परमाणू. कित्येक दिवस मला यात खोट सापडत नव्हती. शेवटी कागदावर एक त्रिकोण काढला, आत पायाला समांतर एक आखूड रेघ मारली. शिरोबिंदूपासून पायापर्यंत कुठलीही रेषा ओढा, ती आखूड रेघेला एका बिंदूत छेदते आणि पायाला एका. बिंदू एकास एक जुळले, लांबी मात्र वेगळीच राहिली! म्हणजे लांबी बिंदू मोजून ठरत नाही. मेरू आणि मोहरी दोघांचे अवयव अनंत असूनही मेरू मोठा असू शकतो.

संख्यारेषेचं म्हणाल, तर कुठल्याही दोन अपूर्णांकांच्या मध्ये आणखी अपूर्णांक असतातच, तरी १.४, १.४१, १.४१४ करत गेलात की २ चं वर्गमूळ असायला हवं तिथे भोक सापडतं. गणिती डेडेकिंडने १८७२ मध्ये बुजवली ती ही भोकं. अवकाशात ती आहेत की नाहीत, हा प्रश्न त्याने मुद्दाम वेगळा ठेवला होता.